सूनबाईंचे पाच तारे

साउंड हीलिंगचा, म्हणजे धातूचे बाऊल वाजवून माणसांना आराम देण्याचा, धंदा पुण्यात सुरू करणं फार अवघड नाही. माणसं मोजकी असली तर शॉप अ‍ॅक्टला ऑनलाइन सूचना पुरते, आणि योगवर्गाची खोली दुपारी तासाच्या भाड्यानं मिळून जाते. पुढचं अवघड. माझं भाडं निघतं ते हिंजवडीतल्या कंपन्यांच्या वेलनेस डेवर. तिथले एचआरवाले पैसे दोन-दोन महिने लटकवतात, वर पत्रकात ‘ताण 60 टक्के कमी’ छापा म्हणतात. मी छापत नाही. मग ते छापणाऱ्याकडे जातात.

अशात एका दुपारी तांबट आळीतल्या एका आजोबांना त्यांच्या सूनबाई घेऊन आल्या. आजोबांचा सगळा जन्म मठारकामात, तांब्याच्या भांड्यांवर हातोड्याचे ठोके मारण्यात, गेलेला, आणि आता कानात रात्रंदिवस रातकिडे. पेसमेकर, फिट्स वगैरे नेहमीचं विचारून झाल्यावर मी सांगितलं, “हातोड्यानं गेलेला कान बाऊलनं परत येत नाही. आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा.” सूनबाईंनी पिशवीतून ऑडिओमेट्रीचा, कानाच्या तपासणीचा, कागद काढला. 4000 हर्ट्झपाशी आलेख खाली कोसळलेला. गोंगाटात काम केलेल्यांचा कान तिथूनच जायला लागतो. डॉक्टरांनी ऐकायचं यंत्र दिलं होतं, ते कपाटात होतं.

आजोबांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी माझा सगळ्यात महागाचा बाऊल उचलला, पालथा केला, आतून अंगठा फिरवला.

“ताई, हा लेथवर काढलाय. ठोके मागून मारलेत, शोभेला. सगळे एका मापाचे कसे पडतील हातानं?”

विकणाऱ्यानं ‘हातानं घडवलेला, सप्तधातूचा’ म्हणून शपथा घेतल्या होत्या. सप्तधातू हे या धंद्यातलं लाडकं थोतांड; चांगला बाऊल म्हणजे कासं, आणि कासं म्हणजे तांबं आणि कथील, बस्स. दुसरा, काळपट बाऊल मात्र आजोबांनी पसंत केला. “हा खरा. पण हे आमचं काम नव्हे. तांबं गार ठोकता येतं. कासं लाल असतानाच ठोकायचं, गार ठोकलंत तर तडकतं.”

तोच बाऊल मी लावला, कानापासून लांब, पायांशी. हाताचं काम पुरतं गोल नसतं, म्हणून एका सुराचे दोन होतात. एक 110 हर्ट्झचा, दुसरा 112 चा असला की आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि ओसरतो. यात चमत्कार काही नाही, पण तेवढ्यासाठी मी यंत्राच्या दहा बाऊलांवर पाणी सोडीन. पट्टीचे कान असलेल्या लोकांनाही हे दाखवून द्यावं लागतं. आजोबांचं बोट चटईवर त्याच लयीत हलायला लागलं. मग घोरणं सुरू झालं.

उठल्यावर विचारलं, “गुणगुण?”

“आहे की. ती कुठं जातीय? झोप झकास लागली पण.”

रात्री सूनबाईंनी गूगलवर पाच तारे दिले : ‘सासऱ्यांचा कान बरा झाला.’

आणि फोन सुरू झाले. इतके की हिंजवडीचं एक काम नाकारता आलं. औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींवरच्या 1954 च्या कायद्यात ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही, त्यांत बहिरेपणा आहे. आता ही जाहिरात माझी नाही हे खरं, पण गिऱ्हाईक माझंच. सूनबाईंना फोन केला, ती ओळ काढा म्हटलं. त्या फणकारल्या, “मॅडम, ते आता दर बुधवारची वाट बघतात, रात्री झोपतात. मी खोटं काय लिहिलं?”

त्या अभिप्रायाखाली मी उत्तर टाकलंय : कान बरा झालेला नाही, झोप लागते, डॉक्टरांचं यंत्र वापरावं. ते कुणी वाचत नाही. परवा औंधहून एका बाईंचा फोन होता. “बरं होणारच नसेल तर पैसे कशाचे घेता?”

“खोलीचं भाडं, बाऊल आणि माझा एक तास.”

“म्हणजे गॅरंटी नाही?”

“नाही.”

तरी त्यांनी शुक्रवारची वेळ घेतली. वर म्हणाल्या, “तुम्ही असंच म्हणणार हो, त्या कानवाल्यांचं वाचलंय मी.”