बांडगुळाचं गिऱ्हाईक

आमच्या रत्नागिरीकडे बांडगूळ दिसलं की कोयती शोधायची, हे लहान पोरालाही कळतं. पानं हिरवी असल्यामुळे ते आपलं अन्न आपण करतं, पण पाणी आणि क्षार झाडाचे ओढतं. पुढची फांदी वाळत जाते. नुसता पाला तोडून भागत नाही. गाठीच्या खालून फांदीसकट काढायचं आणि कापाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची, नाहीतर पुन्हा फुटतं. पावसाळा सरला की बाबा आंब्याच्या कलमांवर हेच करतात, मीही करते.

विहिरीजवळच्या रायवळावरचं मात्र मी ठेवून घेतलंय. आंबा म्हातारा, फळ दोऱ्यांचं, गोडी यथातथाच. पण थंडीत बांडगूळ फुललं की त्यावर सूर्यपक्ष्यांची रीघ लागते.

फुलं शेंदरी, लांबट नळीसारखी. पुष्कळ कळ्या तयार होऊनही मिटलेल्याच असतात. शिंजीर, म्हणजे हाच सूर्यपक्षी, येतो, चोचीने कळीला चिमटा काढतो, ती फटकन उघडते आणि पराग त्याच्या तोंडावर उडतात. तो मध पिऊन तसाच पुढच्या फुलावर. जास्वंदीशी मात्र असा प्रामाणिकपणा नाही! तिथे बुडाशी भोक पाडून मध पळवतो, परागांना शिवतही नाही.

पुण्याचे पाहुणे दरवेळी ‘हमिंगबर्ड’ म्हणून ओरडतात. अहो, ते अमेरिका खंडांतले. आपले हे फांदीवर बसून पिणारे, घराणंच वेगळं. आमच्याकडे जास्त करून दोन: पोटाला पिवळा, पाठीला तपकिरी-लाल असा पंचरंगी, आणि उन्हात निळा-जांभळा झळकणारा जांभळा शिंजीर. वीण संपली की या दुसऱ्याच्या नराची झळाळी उतरते. मादीसारखा पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत काळी पट्टी तेवढी उरते. पाहुण्यांना ती तिसरीच जात वाटते.

बाबांचा राग शिंजिरावर नाही, फुलटोच्यावर आहे. जेमतेम 8 सेंटिमीटरचा मातकट पक्षी, त्याच्यावर कोण रागावणार? पण बांडगुळाची फळं खातो हाच. बी इतकं चिकट की बाहेर पडतानाही सुटत नाही. मग हा फांदीवर बूड घासतो आणि बी तिथेच चिकटून रुजतं. खायचं रायवळावर आणि घासायचं शेजारच्या हापूसवर, हा त्याचा शिरस्ता.

“मध त्यांना, फळ त्याला, आणि कोयती मला,” असं बाबांचं म्हणणं. चूक नाही. विहिरीकडच्या कलमांवर यंदाही कोवळे फुटवे दिसतायत. रायवळावरचं ठेवायचं तर ते फुटवे मी काढायचे, असं आमचं ठरलंय. मोरचूद आणि चुना आणून ठेवलाय.