आधी किती होतं?

पेटी अंधेरीच्या लॅबमध्ये आली तीच पावसात भिजून. आत तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यातल्या लंबापूर-पेद्दगट्टू भागातल्या विहिरी-बोअरवेलचं पाणी. तिथे जमिनीत युरेनियम आहे, खाण अजून नाही. म्हणून तर हे पाणी मोलाचं. एकदा खाण सुरू झाली की आधी किती होतं, हे पुन्हा मोजता येणार नाही.

यातलं मशीनचं काम सगळ्यात सोपं. पाण्यात पायरोफॉस्फेटचं बफर, म्हणजे चमक वाढवणारं द्रावण, घालायचं, चमक मोजणाऱ्या फ्लोरिमीटरचा प्रकाश टाकला की युरेनियम हिरवं चमकतं. लोह आणि क्लोराइड ही चमक मारतात, म्हणून त्याच पाण्यात स्टँडर्ड, म्हणजे माहीत असलेलं मोजकं युरेनियम, घालून पुन्हा रीडिंग. खरी मारामारी बाटली भरताना. पाणी जागेवरच 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि नायट्रिक ॲसिडने पीएच 2 च्या खाली आणायचा. हे काम मात्र ज्याला दुसरं काही जमत नाही त्याला देतात.

रीडिंग एकजात कमी आली. ग्रॅनाइटच्या मुलखात इतकी कमी? एक बाटली उजेडात धरली, तर तळाशी तपकिरी गाळ. पीएच साडेसात. ॲसिडचा पत्ताच नाही! बोअरचं पाणी वर आलं, हवा लागली, लोह गंज होऊन खाली बसलं आणि युरेनियमला चिकटवून घेऊन गेलं. त्याच बाटलीत ॲसिड घालून रात्रभर ठेवली. सकाळी रीडिंग दुपटीच्या वर. पहिला आकडा डब्ल्यूएचओच्या लिटरला 30 मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या आत, दुसरा बाहेर. पण दुसराही माझ्या कामाचा नाही. पाणी गाळलेलंच नव्हतं, तेव्हा विरघळलेलं किती आणि मातीच्या कणांतलं किती, कोण सांगणार?

नमुने पाठवणाऱ्या कन्सल्टंटला फोन केला. “कमी आलंय ना मॅडम? मग चांगलंच की!”

कसलं चांगलं? उद्या कुणी नीट नमुना घेतला की खडकातलंच युरेनियम खाणीच्या नावावर चढेल. उलट दुसरा आकडा दिला, तर खाणीने खरोखर पाणी नासवलं तरी ‘हे आधीपासूनच होतं’ म्हणायला कागद तयार.

आमच्या मॅनेजरांनी पहिला आकडा ठेवला, खाली बारीक अक्षरात ‘नमुने मिळाले त्या स्थितीत तपासले’. त्यांची नोकरी त्या ओळीने वाचते. पुन्हा नमुने घ्या, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही वेळा, असं मी लेखी कळवलंय. उत्तर आलं: कोटेशन थोडं कमी करा.