पंधरा जीबीचा माळा

न वाचलेल्या मेलचा आकडा पाच अंकी झाला तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. जागा भरत आल्याची सूचना लाल अक्षरांत यायला लागली, तेव्हाही नाही. जाग आली ती एका संपादकबाईंच्या फोनने. "अहो, दुसरं प्रूफ तीनदा पाठवलं. तिन्ही वेळा परत आलं. तुमची पेटी भरलीये असं सांगतंय."

मी मुद्रितशोधनाचं काम करते. हस्तलिखितं, प्रुफं, दुरुस्त्या, बिलं, सगळं एकाच जीमेलच्या खात्यावर येतं. ते खातं बंद म्हणजे दुकान बंद.

आता हे झालं कसं? थोडा दोष त्या काळाचाही आहे. १ एप्रिल २००४ला जीमेल आलं ते १ जीबी जागा घेऊन. तेव्हा हॉटमेल २ एमबी द्यायचं, याहू ४. तारीख बघून कित्येकांना ती एप्रिलफुलची थट्टाच वाटली होती. निमंत्रणाशिवाय खातं मिळत नसे. मी एका मैत्रिणीच्या मागे लागून ते मिळवलं होतं. त्याआधी दर दोन-चार दिवसांनी मेल पुसत बसायची सवय होती, आणि आता पुसायची गरजच नाही म्हणे! मी ते फारच मनावर घेतलं. पुढे फुकटची जागा वाढत १५ जीबी झाली, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. फोटोंनी माझी किती जागा खाल्ली होती ते मी कधी बघितलंच नव्हतं.

फोन ठेवला आणि पुसायला बसले. एका पानावर ५० मेल दिसतात. टिक, डिलीट, पुढचं पान. टिक, डिलीट, पुढचं पान. दोन तासांत बाराशेच्या वर मेल उडवले असतील. किती जागा भरली ते दाखवणारी पट्टी जागची हलली नाही. भाची मागे उभी राहून बघत होती.

"मावशी, काय चाललंय?"

"जागा करतेय."

"चमच्याने विहीर उपसतेयस."

तिने सर्चच्या चौकटीत इंग्रजीत 'लार्जर' लिहिलं, त्याला चिकटून कोलन, मग १० आणि एम. मध्ये कुठेही जागा सोडायची नाही. दहा एमबीपेक्षा जड असलेले सगळे मेल समोर आले. १८३. मी उडवलेले बाराशे मेल म्हणजे चार-चार ओळींची पत्रं होती, त्यांचं वजन ते किती! खरं ओझं या १८३ मध्ये होतं. एकाच कवितासंग्रहाची स्कॅन केलेली पीडीएफ चार वेळा आली होती, प्रत्येक वेळी एखादा अनुस्वार बदलून. आणि ती चारही वेळा मी दुरुस्त्या करून परत पाठवलेली, म्हणजे 'सेंट'मध्ये आणखी चार. पाठवलेले मेलही आपल्याच जागेत मोजले जातात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यात फाइल मेलला जोडली की ती अक्षरांच्या रूपात बदलून जाते, आणि त्या बदलात मूळ आकारापेक्षा साधारण एक तृतीयांशाने फुगते.

लागतील त्या फायली आधी संगणकावर उतरवून घेतल्या, मग डिलीट केलं. पट्टी तरीही ढिम्म. कारण डिलीट केलेले मेल ट्रॅशमध्ये जाऊन पडतात, ३० दिवस तिथे राहतात आणि तोवर जागाही अडवतात. ट्रॅश रिकामं केल्याशिवाय खरी जागा सुटत नाही. मी मात्र ते लगेच केलं नाही, एक रात्र जाऊ दिली. सकाळी आठवलं की एका कोशाची जी फाइल उतरवली असं मी समजत होते, ती उतरलीच नव्हती. ट्रॅशमधून ती परत काढली आणि मगच केरसुणी फिरवली.

दुपारी संपादकबाईंना फोन करून प्रूफ पुन्हा पाठवायला सांगितलं. परत गेलेला मेल जागा झाली म्हणून आपसूक येत नाही.

काम भागलं होतं, पण आता मला चटक लागली होती. वीस वर्षं मी मेल शोधत होते ते खाली खाली सरकवत. आता 'फ्रॉम' कोलन आणि माणसाचा पत्ता, 'फाइलनेम' कोलन पीडीएफ, 'हॅज' कोलन अटॅचमेंट, 'ओल्डर अंडरस्कोर दॅन' कोलन २वाय म्हणजे दोन वर्षांपेक्षा जुनं. दोन-तीन आज्ञा एकापुढे एक, मध्ये एक जागा सोडून लिहिल्या की चाळण आणखी बारीक होते. शब्दाआधी वजाचं चिन्ह टाकलं की तो शब्द असलेले मेल गळतात. पाच वर्षांपूर्वीचं एक बिल मी असं अर्ध्या मिनिटात काढून दाखवलं, तेव्हा फोनवरचा हिशेबनीस क्षणभर काहीच बोलला नाही.

मराठीची मात्र एक गोची आहे. आपण शब्दाला प्रत्यय चिकटवतो. मला 'हस्तलिखित' असा शोध घेऊन 'हस्तलिखिताच्या दुसऱ्या खर्ड्याबद्दल' असं लिहिलेला मेल काही केल्या मिळेना. शिवाय निम्मे लोक मराठी रोमन लिपीत लिहितात, तेही प्रत्येकजण आपापल्या स्पेलिंगने. मी आता दोन-तीन रूपं लिहून मध्ये इंग्रजी 'ऑर' टाकते, कॅपिटल अक्षरांतलं. आणि मी पाठवते त्या प्रत्येक मेलच्या विषयात पुस्तकाचं नाव ठरलेल्या एकाच रूपात टाकते. 'नमस्कार' किंवा 'काल बोलल्याप्रमाणे' असे विषय लिहिणाऱ्यांत मीही होतेच.

मग जाहिराती. 'प्रमोशन्स'मधले वर्षापेक्षा जुने मेल शोधले. वरच्या चौकोनात टिक केलं की पानावरचे ५०च निवडले जातात. पण त्याचवेळी वर एक बारीक ओळ उगवते: या शोधात बसणारी सगळी संभाषणं निवडा. ती ओळ मला इतक्या वर्षांत दिसली नव्हती. तिच्यावर क्लिक केल्यावर सहा हजारांवर मेल एका दमात निवडले गेले. बोट थरथरलं खरं. आधी मधली चार-पाच पानं उघडून खात्री केली, मग घालवले.

येणारा ओघही थांबवायला हवा होता. ज्यांची नावं ओळखीची आहेत, जिथे कधीतरी आपणच नोंदणी केली होती, तिथे 'अनसबस्क्राइब'. पूर्वी ते बटण मेलच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत लपवलेलं असायचं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक झाले. त्यांच्या जाहिरातींतून एका क्लिकमध्ये बाहेर पडता आलं पाहिजे. अनोळखी, संशयास्पद मेलमधल्या अशा दुव्यावर मात्र मी क्लिक करत नाही. त्याने पत्ता जिवंत आहे एवढंच समोरच्याला कळतं. त्यांना सरळ स्पॅम.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग मी फिल्टर करायला घेतले आणि शहाणपणा अंगाशी आला.

फिल्टर म्हणजे येणाऱ्या मेलला आधीच लावून ठेवलेला नियम: अमुक असेल तर इनबॉक्समध्ये आणू नकोस, तमुक लेबल लाव. मी पहिलाच फिल्टर केला तो 'ऑफर' या शब्दावर, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. त्या शब्दाचे मेल इनबॉक्स टाळून 'नंतर बघू' या लेबलाखाली जायचे. दोन दिवसांत इनबॉक्स आरशासारखा झाला. मी भाचीला अभिमानाने दाखवलाही.

तीन आठवड्यांनी एका प्रकाशनसंस्थेतल्या बाईंचा मेसेज आला: "आमची ऑफर पटली नाही का? तसं कळवलंत तरी चालेल." सहाशे पानांचं काम होतं. मेल त्या 'नंतर बघू'मध्ये, चपलांच्या आणि विम्याच्या जाहिरातींच्या मधोमध, शांतपणे पडून होता. काम तोवर दुसऱ्या कुणाला गेलं होतं.

त्या दिवसापासून एकट्या शब्दावर फिल्टर नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर करते. फिल्टर करण्यापूर्वी तोच शोध आधी सर्चमध्ये चालवून बघते, कारण फिल्टरला जी अट घालायची ती सर्चचीच असते. आत्तापर्यंतच्या मेलमध्ये ती कुणाकुणाला पकडते आहे ते तिथेच दिसतं. आणि जे नेहमी काम देतात त्यांच्यासाठी उलटा फिल्टर आहे: यांचा मेल कधीही स्पॅममध्ये टाकू नकोस.

लेबलांचंही तेच. आधी माझ्याकडे ३४ लेबलं होती, लेखकागणिक एक. शोध नीट येत असेल तर त्यांची गरज उरत नाही. आता तीन ठेवलीत: 'उत्तर द्यायचंय', 'वाट बघतेय' आणि 'पैसे'. 'वाट बघतेय' सगळ्यात उपयोगी. प्रूफ पाठवलं, बिल पाठवलं, शंका विचारली, की पाठवलेल्या त्याच मेलला ते लेबल. सोमवारी सकाळी तेवढंच उघडायचं. कुणाला आठवण करायची ते डोक्यात ठेवावं लागत नाही. सेटिंग्जमध्ये कीबोर्डचे शॉर्टकट सुरू करून ठेवलेत, त्यामुळे या तिन्हींपैकी काही नाही असा मेल वाचून झाला की नुसतं ई दाबायचं. तो अर्काइव्ह होतो. अर्काइव्हला मी उगाचच घाबरायचे, पुसलं जातं असं वाटायचं. तसं काही नाही. मेल इनबॉक्समधून फक्त नजरेआड होतो, शोधला की सापडतो, आणि त्यावर कुणी उत्तर दिलं की संभाषणासकट परत वर येतो.

पाठवलेला मेल मागे घेण्याची मुदत मी सेटिंग्जमध्ये ५ वरून ३० सेकंदांवर नेली. मागे घेणं म्हणायला. खरं तर मेल तेवढा वेळ पाठवलेलाच नसतो, धरून ठेवलेला असतो. फाइल न जोडता "सोबत जोडलं आहे" असं लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही, आणि त्या चुका मला बरोब्बर दहाव्या सेकंदाला दिसतात.

पत्त्यात नावानंतर अधिकचं चिन्ह आणि पुढे एखादा शब्द टाकला तरी मेल आपल्याकडेच येतो. नोंदणी करताना मी तिथला शब्द जोडते, म्हणजे पत्ता पुढे कुठून फुटला ते कळतं. काही फॉर्म ते चिन्ह स्वीकारत नाहीत.

शेवटी सुरक्षेची पानं उघडली ती केवळ भाचीच्या तगाद्यामुळे. खातं अडकलं तर ज्या नंबरवर कोड यायचा, तो नंबर मी सहा वर्षांपूर्वीच बंद केला होता. बाकी प्रत्येक खात्याचा पासवर्ड बदलण्याचा दुवा या मेलवर येतो, आणि या मेलची किल्ली एका मेलेल्या सिमकार्डात! नंबर बदलला, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केली, फोन हाताशी नसेल तेव्हासाठीचे १० बॅकअप कोड छापून शब्दकोशात ठेवले. प्रत्येक कोड एकदाच चालतो. आपले मेल परस्पर दुसऱ्या कुठल्या पत्त्यावर जात नाहीत ना, तेही फॉरवर्डिंगच्या पानावर बघून घेतलं.

आता १५ पैकी साडेसहा जीबी भरलेली आहे, त्यातली निम्मी फोटोंची. ते काम भाचीने अंगावर घेतलंय. 'नंतर बघू' हे लेबल मी अजून काढलेलं नाही. दर शुक्रवारी एकदा पूर्ण चाळते, अगदी चपलांच्या जाहिरातींसकट.