आधी खोका, मग तिकीट

सायकल घेऊन परदेशात जायचं ठरलं की माणूस आधी नकाशा उघडतो. मीही उघडला. डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या पासाउपासून व्हिएन्ना, तिथून ब्रातिस्लाव्हामार्गे बुडापेस्ट. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो ६ या लांबलचक सायकलमार्गाचा हा तुकडा. यातला पासाउ ते व्हिएन्ना हा भाग भलताच लोकप्रिय आहे आणि ते साहजिक आहे. प्रवाहाबरोबर जायचं, चढ जवळजवळ नाहीच, आणि वाराही बहुतेकदा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर. पण पाठीवर वारा हवा तर जायचं एकाच दिशेने. मग सायकल ज्या खोक्यातून नेली, तो खोका पासाउहून बुडापेस्टला कोण नेणार?

हा प्रश्न तिकीट काढायच्या आधी सोडवायचा असतो, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं. गोल फिरून सुरुवातीच्या गावीच परत येणार असाल तर चाकंवाली कडक पेटी उत्तम. पहिल्या मुक्कामाच्या हॉटेलात ठेवून निघायचं. पण असली पेटी रिकामीच दहा-बारा किलो भरते, आणि बऱ्याच विमान कंपन्यांची मर्यादा आहे २३ किलो. वर सायकल, पंप, हत्यारं धरली की काटा पुढे सरकलाच. माझं मत विचाराल तर एकमार्गी सफरीला पुठ्ठ्याचाच खोका. नव्या सायकली दुकानात त्यातूनच येतात, त्यामुळे मागितला तर बहुतेक दुकानदार आनंदाने देतात. पोहोचल्यावर टाकून द्यायचा आणि परतीसाठी शेवटच्या गावातल्या दुकानाला आधीच ईमेल करून दुसरा ठेवायला सांगायचा. मी तेच केलं, आणि म्हणूनच तिकीट काढलं ते म्युनिकला उतरायचं आणि बुडापेस्टहून परतायचं.

तिकिटाचंही एक प्रकरण आहे. चेक-इनच्या सामानाची लांबी, रुंदी, उंची मिळून बहुतेक ठिकाणी १५८ सेंटिमीटर चालते. सायकलचा खोका सव्वादोनशेच्या पुढे जातो. काही कंपन्या वजनात बसत असेल तर तो नेहमीच्या सामानातच धरतात, काही खेळाचं सामान म्हणून वेगळे पैसे घेतात. जवळपास सगळ्यांनाच आधी कळवून नोंद करावी लागते, कारण विमानात अशा सामानाला जागा मोजकीच असते. एका तिकिटावर दोन कंपन्यांची विमानं असतील तर कुणाचा नियम लागू, हे फोनवर न विचारता लेखी विचारा आणि उत्तराची छापील प्रत खिशात ठेवा. काउंटरवरच्या माणसाला सगळे नियम पाठ असतातच असं नाही. शेवटचा टप्पा छोट्या पंख्याच्या विमानाचा असेल तर आणखी सावध राहा. सामानाच्या दारातून खोका आत जाईल का, हाच मुद्दा असतो. दोन वेगळी तिकिटं काढून चार पैसे वाचवायचा मोह मी टाळला. मधल्या विमानतळावर खोका सोडवून, ओढत नेऊन पुन्हा चेक-इन करायचा, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं गेलंच.

बांधाबांधीला एक अख्खी संध्याकाळ द्यावी. पेडल काढताना लक्षात ठेवायचं की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतं. सीटच्या दांड्यावर उंचीची खूण म्हणून चिकटपट्टीचा वेढा मारायचा. पुढचं चाक काढल्यावर ते धरणाऱ्या दुबेळक्याच्या, म्हणजे फोर्कच्या, दोन टोकांमध्ये प्लास्टिकचा आधार बसवायचा, नाहीतर वरून वजन पडलं की फोर्क दाबला जातो. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर दोन पॅडच्या मध्ये काहीतरी अडकवायचंच, कारण वाटेत ब्रेकची दांडी दाबली गेली तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात आणि मग डिस्क आत जात नाही. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, सोडवून, फडक्यात गुंडाळून चेनसकट फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधायचा.

टायरमधली हवा काढा असं बहुतेक कंपन्या सांगतात. विमानाच्या पोटातही हवेचा दाब राखलेला असतो, त्यामुळे टायर फुटायची भीती तशी नसते. पण काउंटरवर यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. मी हवा कमी करतो, पूर्ण काढत नाही. थोडी राहिली तर रिमला गादी मिळते. टायर झटपट भरायच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्या घरीच ठेवून साधा हातपंप घेतला. पॉवर बँक केबिनच्या बॅगेत. ई-सायकलवाल्यांचं मात्र अवघड आहे. १६० वॉट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही आणि ई-सायकलची बॅटरी याच्या दुप्पट-तिप्पट असते. त्यांनी तिथेच भाड्याने घेतलेली बरी.

म्युनिकला खोका नेहमीच्या पट्ट्यावर येत नाही, मोठ्या सामानाच्या वेगळ्या दारातून येतो. माझ्या खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता. तिथेच उघडून पाहिलं तर डिरेलरचा हँगर वाकलेला. डिरेलर फ्रेमला जोडणारा हा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा मुद्दाम कच्चा बनवतात, म्हणजे मार बसला तर तो वाकावा, फ्रेम नाही. फोटो काढले, बाहेर पडायच्या आधी सामानाच्या काउंटरवर नोंद करून कागद घेतला. मोडतोडीची लेखी तक्रार सामान हातात आल्यापासून ७ दिवसांत करावी लागते, १९९९ च्या माँट्रियल करारात तसं स्पष्ट आहे. सफरीवर असताना आठवडा कधी सरतो कळत नाही, म्हणून मी ती त्याच रात्री पाठवून मोकळा झालो.

हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि परक्या गावात नेमका आपला मिळेल याचा भरवसा नसतो. जास्तीचा एक बॅगेत होता. विमानतळाच्या एका कोपऱ्यात सायकल जोडली, पुठ्ठा कुठे टाकायचा ते सफाई कामगाराला विचारून घेतलं. पासाउला प्रादेशिक गाड्यांनी गेलो. त्यांत सायकलचं वेगळं तिकीट काढून, जागा असली तर चढता येतं. वेगवान आयसीई गाड्यांपैकी काहींतच सायकल घेतात आणि तिथे आधी आरक्षण लागतं. विमान उशिरा येणं गृहीत धरलं तर असं आरक्षण करणं म्हणजे जुगारच.

पहिल्या दिवसाचा टप्पा मुद्दाम लहान ठेवला होता, श्ल्योगेनपर्यंत, साधारण ४० किलोमीटर. तिथे डॅन्यूब डोंगराला वळसा घालून जवळजवळ उलटी फिरते आणि पलीकडे जायला सायकली घेणारी छोटी होडी असते. वाटेत दोनदा थांबून नव्या हँगरवर गिअर जुळवले. तिसरा आणि चौथा तरीही कुरकुरत होते, पण सपाट रस्त्यावर त्यांची गरज कुणाला!