लाईट गेली तरी डाउनलोड जात नाही

बाबा रिटायर झाल्यापासून त्यांना जुन्या ठाण्याचं वेड लागलंय. संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारायची आणि कट्ट्यावरच्या मंडळींशी "इथे आधी काय होतं" यावर तावातावाने भांडायचं. तिथेच कोणीतरी सांगितलं की इंग्रजांनी १८८२ साली छापलेलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर नेटवर फुकट मिळतं, तेराव्या खंडाचे दोन भाग आणि चौदावा खंड वेगळा, त्यात अंबरनाथचं देऊळ, घारापुरी, वसई सगळं आहे. झालं. घरी आले ते थेट माझ्या खोलीत, "अरे, मला ते उतरवून दे."

स्कॅन केलेली शेकडो पानं, त्यामुळे फाइल जड. ब्राउझरमध्ये लावली आणि नव्वद टक्क्यांवर लाईट गेली. आमची नौपाड्यातली बिल्डिंग जुनी, पावसाळ्यात हे ठरलेलं. लॅपटॉप बॅटरीवर चालू, पण राउटर मेलेला. लाईट आल्यावर बघतो तर डाउनलोड फेल, पुन्हा पहिल्यापासून! दुसऱ्या दिवशी परत तेच. मग म्हटलं बस झालं, टर्मिनल उघडलं, म्हणजे कमांड टाइप करायची ती काळी खिडकी.

डब्ल्यूगेट (wget) म्हणून नेटवरून फाइल उतरवणारा एक छोटा प्रोग्राम आहे, १९९६ पासूनचा, स्वतःची ना खिडकी ना बटणं, माझ्या लॅपटॉपवरच्या उबंटू लिनक्समध्ये तो आधीपासूनच होता. डब्ल्यूगेट लिहायचं, पुढे डॅश सी, पुढे लिंक, एंटर. डॅश सी म्हणजे कंटिन्यू. अर्धी फाइल डिस्कवर पडलेली असेल तर हा तिची साइज बघतो आणि सर्व्हरला म्हणतो, एवढे बाइट माझ्याकडे आहेत, पुढचे दे. सर्व्हरला ते जमत असेल तर तो २०६ नंबरचं उत्तर देतो, म्हणजे हा घे उरलेला तुकडा. मला वाटलं होतं हा आपला आपणच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहील, आणि करतो पण, एरवी २० वेळा, पण राउटरच बंद असला की त्याला सर्व्हरचा पत्ताच सापडत नाही आणि मग तो सरळ गप्प बसतो. हरकत नाही, लाईट आली की वरचा बाण दाबायचा, मागचीच कमांड परत येते, एंटर मारायचं, जिथे थांबला तिथून सुरू. त्या दिवशी तीनदा लाईट गेली आणि तीनदा बाण दाबला.

एक गाढवपणा सांगतो. दुसऱ्या एका साइटवरून नकाशा घ्यायचा होता, लिंकमध्ये तो अँडचा सिंबॉल (&) होता आणि मी लिंक अवतरणचिन्हात टाकली नाही. टर्मिनलला वाटलं कमांड तिथेच संपली, त्याने अर्धी लिंक घेऊन काम बॅकग्राउंडला ढकललं आणि माझ्या हातात भलतंच एचटीएमएल पान. अर्धा तास मी सर्व्हरला शिव्या घालत होतो. तेव्हापासून लिंक कुठलीही असो, डोळे मिटून अवतरणचिन्हं.

आणि विंडोजवाल्यांनो, तुमच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे जुन्या पॉवरशेलमध्ये, डब्ल्यूगेट टाइप केलंत तर काहीतरी चालतं खरं, पण तो हा नव्हेच, मायक्रोसॉफ्टने स्वतःच्याच दुसऱ्या कमांडला ते नाव चिकटवलंय. डॅश सी तिथे चालणार नाही. खरा वेगळा आणून टाकावा लागतो.

मधेच बहिणीची ऑफिस मीटिंग अडकायला लागली, "दादा, तुझं काय चाललंय ते बंद कर." बंद कशाला करू, डब्ल्यूगेटला वेगाची मर्यादा घालणारं लिमिट-रेट लावलं, २००के, म्हणजे सेकंदाला दोनशे किलो. तिला सांगितलं फक्त दोनशे दिलेत, आता बोल. नंतर लक्षात आलं की हा हिशेब बाइटमध्ये असतो, बिटमध्ये नाही, म्हणजे नेटवाल्यांच्या भाषेत साधारण १.६ एमबीपीएस झाले, पण मीटिंग सुरळीत चालली होती त्यामुळे मी तोंड उघडलं नाही.

तिन्ही पीडीएफ आल्या, पेनड्राइव्हवर घालून दिल्या. बाबांनी टॅबवर दोन पानं वाचली, चष्मा पुसला, परत दोन वाचली आणि म्हणाले, "स्क्रीनवर डोळे दुखतात रे, याची प्रिंट मिळेल का?" सध्या स्वस्तातला झेरॉक्सवाला शोधतोय, स्टेशनजवळचा कोणी माहीत असेल तर सांगा.