दोन वह्या

इन्शुरन्सचा कागद शोधत होतो आणि माझ्या उड्डाणांचं लॉगबुक हाताला लागलं. उगाच उघडलं. शेवटची नोंद मागच्या ऑगस्टची, भाड्याचं छोटं विमान, सेसना १७२, सव्वा तास. पुढे कोरं. तेव्हापासून खुपतंय काहीतरी.

कारण गॅरेजमधली वही भरलेली आहे. २६३ तास. आरव्ही-७, म्हणजे घरी किटमधून बांधायचं छोटं विमान, त्याची शेपटी, तीही अर्धवट, रडरची (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूची) मागची कड वाकडी आली म्हणून भिंतीला टेकवून ठेवलाय. आणि आजवर उडालोय किती, तर १३१. म्हणजे उडालो त्याच्या दुप्पट वेळ मी पत्र्याला भोकं पाडलीत. भाड्याचे पैसे वाचतील म्हणून सुरू केलं होतं हे! हिला आता काय सांगू, जाऊ दे.

इथे अमेरिकेत मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ, तीन लँडिंग नसतील तर सोबत कुणाला बसवता येत नाही. म्हणजे आज मी हिला गावावरून एक चक्करसुद्धा मारून आणू शकत नाही. विमान झालं, कधी होईल ते होवो, तरी पहिले २५-४० तास टेस्टिंगचे, त्यातही पॅसेंजर नाहीच.

सगळे सांगत होते, बांधायची हौस असेल तर बांध, उडायचं असेल तर जुनं एखादं विकत घे. मी मान डोलवायचो, मला उडायचंच आहे असं धरून. मग शनिवारी आभाळ निळंशार असताना शटर ओढून पत्रे जोडणारं, वाकडं बसलेलं रिव्हेट ड्रिल करून काढत कोण बसतं?

आईला फोनवर रडगाणं ऐकवलं तर म्हणाली, कांदिवलीच्या त्या अमोल यादवांनी गच्चीवर विमान बांधलं, तुझ्याकडे तर गॅरेज आहे. घ्या.

तसं आमच्या डेटनच्या राइट बंधूंचं तरी काय, सायकलच्या दुकानात एवढं खपले आणि १७ डिसेंबर १९०३ ला चार उड्डाणं मिळून जेमतेम दीड मिनिट, मग वाऱ्याने विमान उलटंपालटं केलं ते परत उडालंच नाही. त्यांच्या हिशोबाने माझं बरं चाललंय म्हणायचं.

शनिवारी नऊची सेसना बुक केलीये. इन्स्ट्रक्टरसोबत, म्हणजे पैसे देऊन परत शिकाऊ. शुक्रवारी रात्री गॅरेजमध्ये पाऊल टाकणार नाही असं हिला कबूल केलंय.

रडरची ती कड फक्त जरा बघून येईन.