दहावी सही

तीनदा मोजलं, तरी नऊच.

चर्चच्या हॉलला लागून छोटं किचन, मधल्या भिंतीत चहा द्यायची खिडकी. बिस्किटांचा डबा हातात धरून मी त्या खिडकीतून डोकी मोजत होते. सात वाजत आलेले, सभा साडेसातची. 27 ऑक्टोबर 2016, गुरुवार. बाहेर अंधार आणि इथला तो नेहमीचा पाऊस, जो पडतोय की नुसता लोंबकळतोय ते कळत नाही.

मी त्या चर्चची सभासद नव्हते. दिवसा एका हॉस्पिटलात पगारपत्रकं करायची आणि संध्याकाळी, शनिवारी, सुट्टीत बर्मिंगहॅमच्या वायव्येला ब्लॅक कंट्री म्हणून जो पट्टा आहे, तिथल्या जुन्या वळणाच्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, पॅरिशची (एकेका चर्चच्या हद्दीतली मंडळी) जुळवाजुळव करायची. पद चिटणीसाचं, पगार शून्य. काम म्हणजे मुख्यतः एक वही. कोणत्या चर्चला सध्या व्हिकर आहे (पॅरिशचा धर्मगुरू; हा शब्द मराठीत फार जपून लिहावा लागतो, एक मात्रा हुकली की विकार), कोणाचा निवृत्त झाला, रविवारी बदली जाऊ शकणारे म्हातारे धर्मगुरू कोण, त्यांतले रात्री गाडी चालवू शकणारे कोण, किल्ली कोणाकडे, ऑर्गन कोण वाजवतं. शेवटच्या पानांवर एकटेदुकटे सभासद. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये त्यांना पटेल अशी सोय नाही, म्हणून रविवारी सकाळी कोणीतरी त्यांना गाडीतून दोन गावं पलीकडे न्यायचं. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात तेलाच्या आशीर्वादाची मोठी उपासना असते, तेव्हा सगळ्यांना एका बसमध्ये कोंबायचं. लोकांना वाटतं आम्ही धर्मशास्त्रावर वाद घालत बसतो. मी त्या काळात सगळ्यात जास्त वाद घातला तो बसवाल्याशी.

जुनं वळण म्हणजे काय, ते सांगायला हवं. 11 नोव्हेंबर 1992 रोजी चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनॉडने, म्हणजे चर्चच्या संसदेने, बायकांना धर्मगुरू होऊ द्यायचं ठरवलं. बिशप, धर्मगुरू आणि सामान्य सभासद अशा तिन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागत होती. सामान्य सभासदांच्या सभागृहात बाजूने 169, विरुद्ध 82. दोन मतं इकडची तिकडे झाली असती तर ठराव पडला असता. ज्यांना तो पटला नाही, त्यांतले काही रोमन कॅथलिक झाले, बरेच आत राहिले. आत राहिलेल्यांसाठी 1994 पासून वेगळे बिशप नेमले गेले. त्यांना सगळेच फ्लाइंग बिशप म्हणतात, कारण बिचारे एका गावात टिकतच नाहीत, अर्धं इंग्लंड गाडीने पालथं घालतात. पुढे बायकांना बिशप करायचा ठराव आला. नोव्हेंबर 2012 मध्ये तो त्याच सामान्य सभासदांच्या सभागृहात सहा मतांनी पडला आणि जुलै 2014 मध्ये पास झाला. दोन-तृतीयांश या अपूर्णांकाने आमच्या चर्चमध्ये जितकी माणसं रडवली, तितकी कुठल्या बिशपने रडवली नसतील. दोन्ही बाजूंची.

आणि मी स्वतः बाई. हा प्रश्न मला ओळख झाल्यावर दहाव्या मिनिटाला विचारला जातो, म्हणून इथेच उरकते. मी नगरची, वडील एसपीजी या अँग्लिकन मिशनच्या शाळेत मास्तर. नगरात अमेरिकन मिशनवाले वेगळे आणि एसपीजीवाले वेगळे, सोयरीक जुळवताना आधी हे विचारायचे. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चं एकत्र येऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वडील विरोधात नव्हते. पण ते म्हणाले, "आपल्याला कोणी विचारलं नाही गं." त्यानंतरही घरी संध्याकाळची प्रार्थना जुन्याच पुस्तकातून व्हायची. माझं म्हणणं एवढंच, की धर्मगुरू कोणी व्हावं हे रोम आणि ऑर्थोडॉक्स यांना सोडून एकट्या इंग्लंडच्या सिनॉडने ठरवण्यासारखं नाही. हे ऐकून माझी मुलगी डोळे फिरवते. आमच्या सभांमध्ये चहा कोण करतं आणि भाषणं कोण करतं, हे पाहून कधी कधी मीही फिरवते.

तर 2014 च्या तडजोडीत नियम असा झाला की ज्यांना वेदीपाशी बाई धर्मगुरू नको आणि फ्लाइंग बिशपची सोय हवी, त्या पॅरिशच्या पीसीसीने, म्हणजे निवडून दिलेल्या कार्यकारिणीने, नवा ठराव करायचा. नव्वदच्या दशकातले जुने ठराव दोन वर्षं चालणार, 17 नोव्हेंबर 2016 ला संपणार. म्हणून ते वर्ष माझं या हॉलमधून त्या हॉलमध्ये गेलं. ठराव पास व्हायच्या वाटा दोन. एक, पीसीसीच्या एकूण सभासदांपैकी निम्म्याहून जास्त बाजूने हवेत. किंवा दोन, दोन-तृतीयांश सभासद सभेला हजर हवेत, मग हजर असून मत देणाऱ्यांचं साधं बहुमत पुरे. आणि सभेची नोटीस चार आठवडे आधी.

या पॅरिशची पीसीसी पंधराजणांची. पहिल्या वाटेला आठ मतं लागत होती, त्या रात्री आमच्याकडे नक्की सहा. दुसऱ्या वाटेला दहा माणसं हजर लागत होती, आणि समोर नऊ. एकजण हॉस्पिटलात, एकीची रात्रपाळी, एकाला भांडण नको म्हणून तो घरीच, आणि आमच्या बाजूचं एक जोडपं नातवंडांना शाळेची सुट्टी म्हणून टेनेरिफ बेटावर उन्हात. नोटीस त्यांना मी स्वतः नेऊन दिली होती. परत चार आठवड्यांची नोटीस काढायची तर 24 नोव्हेंबर उजाडणार. मधल्या आठवड्यात जुना ठराव संपलेला, नवा झालेला नाही, व्हिकरची जागा रिकामी आणि जाहिरात निघायच्या बेतात.

पंधरावी व्यक्ती ऑर्गनवाल्या बाई. वय 81, निवृत्त हेडमिस्ट्रेस, ठरावाच्या उघड विरोधात. त्यांची सख्खी भाची दुसऱ्या डायोसीसमध्ये, म्हणजे दुसऱ्या बिशपच्या हद्दीत, धर्मगुरू. कंबर दुखतेय, येत नाही, असा निरोप त्यांनी दुपारी दिला होता, आणि आमच्या वॉर्डनने, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या सभासदाने, तो ऐकून हुश्श केलं होतं. तो माजी बसड्रायव्हर, मनाने चांगला, हिशेबाला कच्चा.

मी किचनमधून त्याला हाक मारली. कागदी रुमालावर आकडे लिहून दाखवले. नऊजणांत सहा बाजूने, दोन विरुद्ध, एक तळ्यात मळ्यात: पडला. दहावी बाई आल्या आणि त्यांनी विरुद्ध मत दिलं तरी सहा विरुद्ध तीन: पास.

तो रुमालाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे त्या विरुद्ध मत द्यायला आल्या, तरच आपण जिंकतो?"

"हो."

"मग करा फोन. कंबरेला उशी देऊ म्हणावं. बाकीचं कशाला सांगायचं?"

इथे मी खोटं सांगणार नाही. अर्धा मिनिट मलाही तसंच वाटलं होतं. म्हणायचं, तुमचं मत नोंदवलं जायला हवं, या. हे काही असत्य नव्हतं. मी फोन उचलला, नंबर फिरवला, घंटा वाजत असताना मनात ते वाक्य दोनदा घोळवलं. त्यांनी फोन उचलून स्वतःचा नंबर म्हणून दाखवला, जुनी इंग्रज माणसं अजून म्हणतात तसा. आणि मला का कोण जाणे, वडिलांचं ते "विचारलं नाही गं" आठवलं.

मी सगळं सांगितलं. पंधरा, दहा, नऊ, सहा. "तुम्ही आलात तर ठराव पास होईल. घरी थांबलात तर आज पडेल. आणि आलात तरी तुम्ही विरुद्धच मत देणार, हे मला ठाऊक आहे."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"दोन-तृतीयांश," त्या म्हणाल्या. "कारस्थानच आहे हे. कोणी लिहिला हा नियम?"

"हाउस ऑफ बिशप्सने."

"गणित कोणालाच येत नाही त्यांच्यात." मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन ठेवला. "मी घरी बसून जिंकले तर उद्या रविवारी त्या सहाजणांच्या तोंडाकडे बघून ऑर्गन वाजवायचा?" उद्या शुक्रवार होता, पण मी दुरुस्त केलं नाही. "न्यायला कोण येतंय?"

मीच गेले. माझ्या मायक्रात त्यांना बसवायला वेळ लागला, काठी मागच्या सीटवर, पर्स मांडीवर. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या, की हा रस्ता खोदून आठ महिने झाले.

सभा सात पस्तीसला सुरू झाली. व्हिकर नसल्यामुळे उपाध्यक्षा अध्यक्ष. हजेरीच्या कागदावर बाईंनी दहावी सही केली, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करतात तशी, खाली रेघ ओढून. मला नियम समजावून सांगायला पाच मिनिटं दिली होती, ती मी तीनच घेतली आणि चर्चा-मतदान होईपर्यंत किचनमध्ये गेले. खिडकी ओढून घेतली तरी ऐकू येतंच. चर्चा मी धरून चालले होते तितकी वाईट झाली नाही. एक तरुण बाप म्हणाला, माझ्या मुलीला मी काय सांगू? त्याला कोणी धड उत्तर दिलं नाही. मलाही देता आलं नसतं. चर्चच्या अधिकृत भाषेत या तडजोडीला परस्परांची भरभराट म्हणतात. चहाच्या बंबाशेजारी उभं राहून तो शब्द आठवला की जरा हसू येतं.

मग उपाध्यक्षा म्हणाल्या, हात वर करा. बाजूने सहा. विरुद्ध तीन. एक तटस्थ.

बाईंनी विरोध नावानिशी इतिवृत्तात नोंदवायला लावला, आणि उपाध्यक्षांनी लिहिलेलं वाक्य वाचून त्यातला स्वल्पविराम काढायला लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चहा दूध घालून. साखर नको."

परत सोडताना त्यांच्या दारात दिवा नव्हता. मी मोबाइलचा उजेड धरला. किल्ली लावता लावता म्हणाल्या, "तुमच्या बिशपला सांगा, शेवटच्या भजनाला फार हळू गातात तुमचे लोक. मी थांबणार नाही."

त्या खरंच थांबायच्या नाहीत. पुढच्या वर्षी फ्लाइंग बिशप दृढीकरणाला (बाप्तिस्म्यानंतरचा विधी, तो बिशपच करतात) आले, तेव्हा अख्खी मंडळी ऑर्गनच्या मागे धापा टाकत होती. वहीत त्या पॅरिशपुढे ऑर्गनच्या रकान्यात त्यांचं नाव मी पाच वर्षं तसंच ठेवलं, दर वर्षी फोन करून विचारून. 2021 मध्ये आमचे तेव्हाचे फ्लाइंग बिशपच रोमन कॅथलिक झाले. त्या आठवड्यात मला सांत्वनाचे जे दोनच फोन आले, त्यांतला एक या बाईंचा. "माणसं सोडून जातात," त्या म्हणाल्या. "वही नीट ठेवा."

त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. प्रभुभोजनासह अंत्यविधी भाचीने करावा, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. त्यांच्या चर्चमध्ये भाचीला वेदीपाशी उभं राहता येत नव्हतं. कारण त्या गुरुवारी पास झालेला ठराव. वॉर्डनने मला रात्री फोन केला. काही करता येईल का, विचारत होता, आणि रडत होता. पीसीसीपुढे नेऊ, म्हटलं. पण भाचीनेच नको सांगितलं. मावशीने तसं बजावून ठेवलं होतं म्हणे, कोणाला अडचणीत टाकायचं नाही.

विधी दोन मैलांवरच्या दुसऱ्या चर्चमध्ये झाला. आमच्याकडून नऊजण आले होते, वॉर्डन धरून. मी मागच्या बाकावर बसले. प्रभुभोजनाच्या वेळी भाचीपुढे हात पसरायला आमच्यातले दोघे गेले, बाकीचे बसून राहिले. मीही बसून राहिले. वॉर्डन गेला.

ऑर्गन तिथला बरा नव्हता. वाजवणारा मुलगा शेवटच्या भजनाला आमच्यासाठी थांबत होता.